तिघंही बरोबर, मग गुडघा का अडला?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझ्या सासूबाईंच्या (वय ६८) उजव्या गुडघ्याची वाटी (सांधा) बदलण्याचं ऑपरेशन पुण्यात झालं, त्याला आज पाच आठवडे झाले. दवाखान्यात सगळं छान होतं. दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चालल्या, चौथ्या दिवशी घरी सोडलं. आम्ही फलटण तालुक्यात राहतो. इथे आल्यापासून मात्र गाडी अडली आहे. फिजिओथेरपिस्ट दिवसाआड घरी येतात. ते म्हणतात, गुडघा ७५ अंशांच्या पुढे वाकत नाही, पूर्ण सरळही होत नाही, पेशंटचं सहकार्य नाही. ते जोर लावून वाकवतात तेव्हा आई ओरडतात. सर्जनसाहेबांनी 'चालत राहा, सहा आठवड्यांनी दाखवा' एवढंच सांगितलंय. आईंना शुगर आणि बीपी आहे. तिसऱ्या आठवड्यात आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालली आहेत ते सांगणारा आकडा) थोडं वाढलंय म्हणून दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या. नणंदबाई पुण्याहून रोज फोन करून सांगतात, त्रास देऊ नका, आराम करू द्या. शेजारच्या काकू म्हणतात, मालिशवाल्या बाईंना बोलवा, आठ दिवसांत पाय मोकळा करतील. आम्ही दिवसभर गुडघ्याखाली मऊ उशी देऊन ठेवतो, तेवढंच त्यांना बरं वाटतं. रात्री झोप नाही. आधी रोज पहाटे मारुतीच्या देवळात जायच्या, सात पायऱ्या आहेत. आता म्हणतात, 'माझं नशीबच असं.' यजमान म्हणतात, आई मनावर घेत नाही. मी कोणाचं ऐकू?

– एक सून, फलटण तालुका

उत्तर

नमस्कार सूनबाई,

तुमच्या पत्रातली उशीची ओळ मी दोनदा वाचली. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे, पण तिच्याकडे मी येणार आहे. आधी तुमचा प्रश्न. कोणाचं ऐकू, असं विचारलंत. सर्जनने 'चाला' सांगितलं, ते बरोबर. फॅमिली डॉक्टरांनी मूत्रपिंडं सांभाळली, तेही बरोबर. फिजिओ म्हणतात गुडघा वाकलाच पाहिजे, त्यातही चूक काही नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त तिघांचं आपसात एकदाही बोलणं झालेलं नाही, आणि त्याचा भार आईंच्या एका पायावर आला आहे.

जरा दिवसांचा हिशोब लावून पाहा. तिसऱ्या आठवड्यात गोळ्या थांबल्या. डॉक्टरांनी थांबवल्या त्या बहुधा डायक्लोफिनॅक, अॅसिक्लोफिनॅक या जातीच्या असणार. मधुमेह, बीपी आणि वाढलेलं क्रिएटिनिन असलेल्या माणसाला त्या सोसत नाहीत, त्यामुळे निर्णय योग्यच होता. पण त्यांच्या जागी दुसरं काय दिलं? तुमच्या पत्रात तरी काही दिसत नाही. म्हणजे दोन आठवडे या बाई जवळजवळ बिनगोळीच्या गुडघ्याने व्यायाम करताहेत. आणि हे फिजिओंना कोणी सांगितलं का? मला वाटतं, नाही. त्यांना एवढंच दिसलं की गेल्या आठवड्यापर्यंत निमूट पाय देणारी पेशंट आता हात लावला की ओरडते. त्यांनी जोर वाढवला. दुखरा गुडघा कोणी दाबून वाकवायला लागलं की मांडीचे स्नायू आपसूक ताठ होतात, ते आईंच्या हातात नाही. जोराने सूज वाढते, सुजलेला गुडघा आणखी कमी वाकतो, रात्री ठणकतो, झोप जाते, आणि सकाळी अंगात त्राण नसलेल्या बाईला आपण म्हणतो, मनावर घेत नाही.

यजमानांना हा परिच्छेद वाचायला द्या. रागाने नको, चहाबरोबर.

हेच वाक्य मीही एका आजींना ऐकवलेलं आहे, म्हणून सांगते. मी मुंबईत एका सार्वजनिक रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होते. खुब्याचा सांधा बदललेल्या एक आजी दुसऱ्या दिवशी उभ्या राहिल्या, तिसऱ्या दिवशी चार पावलं टाकून चक्कर आली म्हणून बसल्या, चौथ्या दिवशी उठायलाच तयार नाहीत. मी माझ्या तोऱ्यात म्हटलं, 'आजी, तुम्ही मनावर घेत नाही.' वॉर्डातल्या मावशी लादी पुसत होत्या. त्या कपडा पिळता पिळता म्हणाल्या, 'बाई पाणीच पीत नाहीत. बेडपॅन मागायची लाज वाटते, म्हणून तांब्या भरलेला तसाच असतो.' सर्जनने जखम पाहिली होती, फिजिशियनने बीपी पाहिलं होतं, मी पाय पाहिला होता. तांब्या मावशींनी पाहिला. त्या दिवसापासून सकाळच्या राउंडआधी मी मावशींना विचारायला लागले, रात्र कशी गेली. पुनर्वसनाची टीम म्हणतात ती मला त्या लादीवर समजली, कॉलेजात नाही.

दवाखान्यात ही टीम आयती मिळते. एका मजल्यावर सर्जन, भूलतज्ज्ञ, फिजिशियन, सिस्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ येत-जात असतात, पायाशी लावलेल्या एकाच चार्टवर लिहितात. एकाने गोळी बदलली की दुसऱ्याला चार्टवर दिसतं. डिस्चार्जच्या दिवशी पेशंट घरी येतो, चार्ट तिथेच राहतो. हल्ली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच घरी पाठवतात. ते काही वाईट नाही. लवकर उठवलं, लवकर चालवलं की रक्ताच्या गुठळ्यांचा आणि छातीत कफ साठण्याचा धोका कमी होतो. पण गुडघ्याचं खरं काम पुढच्या सहा ते बारा आठवड्यांत होतं, आणि तेव्हा टीमची पांगापांग झालेली असते. ती तुम्हाला घरी पुन्हा गोळा करायची आहे. त्यासाठी एक दोनशे पानी वही आणि एक फोन पुरतो.

आता उशी.

गुडघ्याखाली उशी दिली की बरं वाटतं, कारण किंचित वाकलेल्या स्थितीत सुजलेल्या सांध्याला सगळ्यात कमी ताण पडतो. पण दिवसभर त्याच स्थितीत राहिलेला गुडघा तसाच आखडतो. मागच्या बाजूचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखूड होतं, आणि मग पाय पूर्ण सरळ होत नाही. लोकांचं सगळं लक्ष वाकण्याकडे असतं. न वाकणाऱ्या गुडघ्याने पायऱ्या अडतात, खुर्ची अडते. पण सरळ न होणाऱ्या गुडघ्याने साधं चालणंच लंगडं होतं. दर पावलाला मांडीचे स्नायू थकतात, पुढे कंबर धरते. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट ७५ हा आकडा नाही, 'पूर्ण सरळही होत नाही' हे तीन-चार शब्द आहेत.

म्हणून उशी आजपासून बंद. त्याऐवजी टॉवेलची गुंडाळी करून टाचेखाली द्या, गुडघा अधांतरी राहील असा. त्याच्या वजनानेच तो हळूहळू खाली जातो. सुरुवातीला पाच मिनिटंही जड वाटतील, दिवसातून पाच-सहा वेळा करा. त्याच वेळी आईंना सांगा, गुडघ्याने पलंग दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. किती फरक पडला हे बघायला यंत्र नको. कडक गादीवर पाय पसरून तुमचा तळहात गुडघ्याच्या मागून सरकवा. आज आख्खा हात जात असेल. आठवड्याने फक्त बोटं गेली पाहिजेत.

सूज उतरवायची तर पाय सरळ ठेवून, टाचेपासून वर घेऊन, छातीपेक्षा उंच ठेवा. बर्फ कापडात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. शुगरमुळे पायाची जाणीव कमी झालेली असेल तर दर पाच मिनिटांनी कापड उचलून कातडी बघा, बर्फाने भाजतंही.

वाकवण्याचं काम जोराने होत नाही, वारंवार केल्याने होतं. एक जुनी युक्ती सांगते. आईंना भिंतीला टेकवलेल्या घट्ट खुर्चीत बसवा. ऑपरेशनच्या पायाखाली प्लास्टिकची पिशवी ठेवा. तुमच्याकडे शहाबादी असो वा टाइल्स, पिशवी सरकते. पाय मागे सरकवायचा, दुखेल तिथे थांबून श्वास सोडायचा, मग चांगल्या पायाचं पाऊल पुढून टेकवून आणखी बोटभर मागे न्यायचा. दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. स्वतःचाच दुसरा पाय ढकलत असतो, त्यामुळे भीती वाटत नाही आणि स्नायूही ताठरत नाहीत. व्यायाम संपला की लगेच उठवून घरातच चालवा, पिशवी आधी उचलून.

आणि किती वाकला पाहिजे? सपाट चालताना गुडघा साधारण ६५ ते ७० अंश वाकतो, म्हणून ७५ मध्ये आई घरात फिरू शकतात. पायऱ्या चढायला ८० ते ९० लागतात, उतरायला त्याहून थोडं जास्त, आणि खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठायला नव्वदच्या पुढे. हे आकडे आईंना सांगा, पण असे नका सांगू. 'आई, पंधरा अंश' म्हटलं तर त्यांना त्यात काय गोडी? 'देवळाच्या पायऱ्या इथून पंधरा अंशांवर आहेत' असं सांगा. टीममधल्या सगळ्यांना, सर्जनलासुद्धा, उद्दिष्ट म्हणून हेच कळवा: सात पायऱ्या, स्वतःच्या पायाने. पेशंटला काय हवंय हे विचारल्याशिवाय आपण भलत्याच गोष्टीसाठी राबत बसतो. मी एका गृहस्थांचा गुडघा १२० अंशांवर नेण्यासाठी महिनाभर जीव काढला होता, त्यांना फक्त ट्रॅक्टरवर चढायचं होतं. त्याला पायाची ताकद हवी होती.

आता फोन. सहा आठवड्यांची तारीख येईपर्यंत थांबू नका. पाचव्या आठवड्यात बहुतेकांचा गुडघा नव्वदच्या पुढे गेलेला असतो, तेव्हा हे सर्जनला आजच कळायला हवं. 'चालत राहा' असं ते म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दुसऱ्या दिवशी वॉकरवर चालणारी पेशंट होती. गुडघा अडलाय हे त्यांना कोणी सांगितलेलंच नाही. सर्जन थेट फोनवर भेटत नसतील तर त्यांचे असिस्टंट किंवा दवाखान्यातले फिजिओ भेटतात. त्यांना एवढं सांगा: पाचवा आठवडा, वाकणं ७५, पाय पूर्ण सरळ होत नाही, क्रिएटिनिन वाढल्यामुळे गोळ्या दोन आठवडे बंद, रात्री झोप नाही. क्रिएटिनिनच्या रिपोर्टचा फोटो पाठवा. मग एकच विनंती करा, आमच्या फॅमिली डॉक्टरांशी दोन मिनिटं बोलाल का? डॉक्टर डॉक्टरशी बोलला की जे दोन मिनिटांत सुटतं, ते आपण निरोप पोहोचवत बसलो तर दोन आठवडे सुटत नाही. मूत्रपिंडांवर कमी ताण देणारी औषधं आहेत. पॅरासिटामॉलसारखं साधं औषध ठरावीक वेळेला घेतलं तरी पुष्कळ फरक पडतो. कोणतं, किती, हे त्या दोघांनी ठरवायचं. तुम्ही मेडिकलमधून 'साधी दुखण्याची' म्हणून काही आणू नका, ती बहुधा डॉक्टरांनी बंद केलेल्या जातीचीच निघते.

याच फोनवर रक्त पातळ करणाऱ्या गोळीचंही विचारून घ्या. ऑपरेशननंतर काही आठवडे ती देतात. कधी थांबवायची, थांबवली असेल तर कोणी सांगितलं म्हणून थांबवली, हे वहीत लिहिलेलं हवं. पुष्कळ घरांत डिस्चार्जचा कागद गादीखाली जातो आणि गोळी संपली म्हणून बंद होते.

नवीन गोळी सुरू झाली की फिजिओंच्या येण्याच्या वेळेआधी पाऊण तास द्या. एवढ्याने त्यांच्या दृष्टीने पेशंट बदलेल. त्यांच्याशी एकदा मोकळेपणाने बोला. तक्रारीच्या सुरात नको, गोळीची हकिगत सांगून. चांगला फिजिओ ती ऐकून स्वतःच जोर कमी करतो. व्यायाम करताना ओढ बसणारच, थोडं दुखणारच. पण आज केलेल्या व्यायामाने उद्या सकाळीही गुडघा जास्त सुजलेला आणि ठणकत असेल तर तो व्यायाम जास्त झाला. आणि दर खेपेला कोन मोजून वहीत लिहायला सांगा. अंदाजाने नव्हे, कोनमापक लावून. महाराष्ट्रात फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे होते. घरी येणारी व्यक्ती नोंदणीकृत आहे का, हे विचारण्यात काही गैर नाही.

दिवसाआडच्या भेटींचा खर्च जड जात असेल तर मोकळेपणाने सांगा, आठवड्यातून दोनदा या, मधले दिवस आम्ही वहीप्रमाणे करतो. कराड, लोणी, पुणे इथल्या फिजिओथेरपी कॉलेजांच्या ओपीडीही असतात.

वही कशी असावी? एका पानावर एक दिवस. माझ्या एका पेशंटच्या मुलीने ठेवलेली वही मला अजून आठवते. शाळेची चौकटीची वही होती. 'मंगळवार. गोळी ९.३०. व्यायाम १०.१५. वाकणं ८१. रात्री दोनदा उठली. पोट साफ नाही. संध्याकाळी दारापर्यंत, काठी. आज हसली.' हे शेवटचंही लिहायचं. शुगरचा आकडा, जखमेची स्थिती, मधल्या दिवशी काही वेगळं वाटलं तर तेही. पोट साफ नसणं क्षुल्लक वाटतं, पण काही वेदनाशामकांनी ते होतं, त्याने जेवण कमी होतं आणि जेवण कमी झालं की व्यायामाला बळ कुठून? जेवणाचं निघालंच तर एक सांगते. आई चतुर्थी, सोमवार, एकादशी करत असतील तर हे तीन महिने देवाकडून सुट्टी घ्या. साबुदाण्यात जखम भरणारं काही नसतं आणि शुगर मात्र चढते. पिठलं, उसळ, दही, चालत असेल तर अंडं. फक्त क्रिएटिनिन वाढलेलं आहे, तेव्हा प्रथिनं किती वाढवायची हे फॅमिली डॉक्टरांना त्याच फोनवर विचारा. पावडरचे डबे परस्पर आणू नका.

मालिशवाल्या बाईंबद्दल माझा राग नाही. बाळंतिणीला आणि बाळाला त्यांच्या हातांनी किती सुख दिलंय, ते मी पाहिलंय. पण या पायाला त्यांचे हात लागू द्यायचे नाहीत. ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत पोटरीच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळून ती सुटली तर वाहत फुप्फुसात जाते, आणि ते जिवावर बेततं. काकूंना एवढं कारण सांगितलं की पुरे. जखम पूर्ण भरल्यावर, सर्जन हो म्हणाले की, व्रणावर आईंनी स्वतःच्या बोटांनी खोबरेल तेल हळुवार फिरवावं, त्याने कातडी मऊ होते.

पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली, तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर वही-बिही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन लावा. जखमेतून पाणी किंवा पू, वाढती लाली, थंडी वाजून ताप, असं काही दिसलं तर सर्जनलाच आधी कळवा. अशा वेळी गावात चटकन अँटिबायोटिक सुरू करतात, त्याने जंतू दबतात आणि सर्जनने सांध्यातलं पाणी तपासलं तरी सापडत नाहीत. नव्या सांध्यातला जंतुसंसर्ग दबून राहिला तर फार महागात पडतो. याउलट गुडघा हाताला गरम लागणं, संध्याकाळी थोडा सुजणं, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर वाटणं, आत खट्ट वाजणं, हे महिनोन्‌महिने चालतं. त्याला घाबरू नका.

समजा हे सगळं करूनही गुडघा अडलेलाच राहिला, तर सर्जन कदाचित भूल देऊन गुडघा वाकवायचा सल्ला देतील. त्यात पुन्हा कापत नाहीत. आतली चिकट झालेली जागा मोकळी करतात. साधारण पहिल्या तीन महिन्यांत केलं तर त्याचा उपयोग जास्त होतो, म्हणूनच आज फोन करा म्हणते. ती शिक्षा नाही. आईंना कोणी तसं भासवू नका.

आता घर. तुमच्या फलटणला कमला निंबकर यांच्या नावाची शाळा आहे, ती तुम्हाला माहीत असेल. मूळच्या अमेरिकन असलेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण सुरू केलं, भारतातलं पहिलं. आपल्याकडे त्याला व्यवसायोपचार म्हणतात आणि त्यामुळे लोकांना वाटतं, हा काही नोकरी देण्याचा प्रकार आहे. खरं तर ही माणसं तुमच्या घरात येऊन बघतात की संडास कुठे आहे, खुर्ची किती उंच आहे, रात्री दिव्याचं बटण कुठे आहे. तालुक्याच्या गावी असं कोणी मिळालं नाही तर फिजिओंनाच म्हणा, एक दिवस व्यायाम राहू दे, आईंबरोबर घर फिरून बघा. पलंगावर बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर जात असतील तर सुताराकडून खाच पाडलेले लाकडी ठोकळे करून पलंगाच्या पायांखाली घाला. पातळ प्लास्टिकची खुर्ची उठताना टाइल्सवर पाय फाकते, ती नको. संडास भारतीय पद्धतीचा असेल तर त्याच्यावर ठेवायची कमोडची खुर्ची मेडिकलच्या दुकानात मिळते. न्हाणीतला पाट काढा, दारातलं पायपुसणं काढा. वॉकरची उंची बघा: आईंनी उभं राहून हात सैल सोडला की वॉकरच्या मुठी मनगटाच्या रेषेला यायला हव्यात. दवाखान्यातून आणलेला वॉकर पुष्कळदा ज्या उंचीचा आला त्याच उंचीचा राहतो.

आणि रात्री आई तुम्हाला उठवतात का? मला वाटतं, नसाव्यात. सुनेची झोपमोड नको म्हणून बायका अंधारात एकट्या उठतात, नाहीतर संध्याकाळपासून पाणी बंद करतात. उशाशी एक घंटी ठेवा, देवघरातली चालेल, आणि म्हणा, 'नाही वाजवलीत तर मी रागावेन.' एक-दोन रात्री यजमानांनीही त्या खोलीत झोपावं. आई किती वेळा कण्हते हे त्यांनी ऐकलं की ते 'मनावर घेत नाही' हे शब्द वापरणार नाहीत.

नणंदबाईंना सल्ल्याऐवजी काम द्या. त्या पुण्यात आहेत, सर्जन पुण्यात आहेत. वहीच्या पानांचे फोटो घेऊन त्यांनी दवाखान्यात जाऊन असिस्टंट डॉक्टरांना भेटावं आणि काय सांगितलं ते लिहून आणावं. ज्याच्या हातात काम असतं तो 'आराम करू द्या' म्हणत नाही. फॅमिली डॉक्टर, फिजिओ, यजमान, नणंदबाई आणि तुम्ही, असा एक व्हॉट्सअॅप ग्रुप केलात तर उत्तमच, पण त्यात फक्त वहीचं पान टाकायचं. शुभ सकाळ आणि मेथीच्या पाण्याचे संदेश दुसरीकडे.

ग्रुपमध्ये आईंचा नंबरही घाला. पाय त्यांचा आहे. त्यांना टाइप करता येत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवतील, 'आज दुखलं' किंवा 'आज बरं होतं'. 'माझं नशीबच असं' हे वाक्य बहुतेक वेळा पाच माणसं आपल्याबद्दल आपल्या डोक्यावरून बोलत असली की येतं. दोन-तीन आठवड्यांत दुखणं आटोक्यात येऊनही त्या गप्पच राहिल्या, जेवणावरची वासना गेली, तर फॅमिली डॉक्टरांना तेही सांगा, त्यालाही उपचार आहे.

तुमचं स्वतःचं पत्रात काहीच नाही. तुम्ही जेवता कधी, झोपता कधी, कळत नाही. घंटीची पाळी वाटून घ्या, हे मी त्यासाठीही लिहिलं.

काठीवर आल्यावर पायऱ्यांचा सराव फिजिओ करून घेतील, पण तुम्हीही लक्षात ठेवा: चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी. काठी चांगल्या पायाच्या बाजूला, म्हणजे आईंच्या डाव्या हातात. तेव्हा मारुतीच्या पायऱ्यांना कठडा आहे का, आणि असेल तर चढताना तो कोणत्या हाताला येतो, हे बघून ठेवा. उजवीकडे असेल तर काम सोपं. डावीकडे किंवा मुळीच नसेल तर मला कळवा, काठी कोणत्या हातात घ्यायची आणि शेजारी कोणी कुठे उभं राहायचं, ते लिहून पाठवते.